निगडाळ्याचे दोन हैबती

"हैबती शेलारचा बाप मेला," सुभेदार जगदाळे म्हणाले, आणि त्यांच्यासमोर आम्ही दोन हैबती शेलार उभे होतो.

बंकरमध्ये बुखारीची शेगडी धुमसत होती. रॉकेलच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. सुभेदारांनी मगातला चहा एका घोटात संपवला आणि आमच्याकडे असं पाहिलं, की जणू हा सगळा घोळ आम्हीच ठरवून घातला आहे.

"कुठल्या हैबतीचा?" मी विचारलं.

"तेच विचारायला बोलावलंय तुम्हांला. खालच्या ऑफिसातून वायरलेसवर आलंय. गावाहून कुणाचा तरी फोन होता. गाव निगडाळे, हैबती शेलार, आबा गेले, पोराला लावून द्या. खलास. क्लार्कनं नंबर विचारला, तर समोरचा म्हणतो, नंबर कशाला पायजे, निगडाळ्याचा हैबती म्हणलं की कुणीबी सांगंल."

असं बोलणारा आमच्या गावात एकच माणूस होता. तात्या गुजर. गावातला एकुलता एक फोन त्याच्या दुकानात, साखरेच्या पोत्याशेजारी. मोबाइल तेव्हा आमच्याकडे यायचा होता. आम्ही रविवारी छावणीतल्या फोनवरून तात्याला हाक मारायची, त्यानं पोरगं पिटाळून घरच्यांना बोलावून घ्यायचं, मग थोड्या वेळानं परत लावायचा, असा आमचा घराशी संबंध होता. पण त्या आठवड्यात वादळानं छावणीचा फोन बंद पाडला होता. सुभेदारांनी वायरलेसवरून खालच्या ऑफिसला विनंती करून तात्याला उलटा फोन करायला लावला. तिकडूनही घंटी वाजेना.

"दोघांच्या बापांचं नाव काय?" सुभेदार म्हणाले.

"माझ्या आबाचं गणपत," मी म्हणालो.

"माझ्या आबाचं धोंडिबा," शेजारचा म्हणाला.

"आणि दोघांनाही आबाच म्हणता?"

"व्हय साहेब," आम्ही दोघं एकदम म्हणालो. अख्ख्या आयुष्यात आमचं एकमत झालं ते त्या दोन शब्दांपुरतं.

शेजारच्याला मी बावीस म्हणायचो. फौजेत एका नावाचे दोन जवान असले, की नंबरचे शेवटचे आकडे घेऊन हाक मारतात. तो बावीस, मी सत्तर. पलटणीनं हे आकडे पाडले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्याला हैबती म्हणायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, आणि येऊ द्यायचाही नव्हता. ते नाव आमचं होतं.

हैबती आमचा पणजा. जत्रेत देवाची काठी पहिल्यांदा खांद्यावर घेतली ती त्यानं. त्याला दोन मुलं, त्यांची दोन घरं. एक वरल्या आळीत, ते आम्ही. एक खालच्या आळीत, ते हे. काठीला पहिला हात कुणी लावायचा यावरून दोन पिढ्या डोकी फुटत आली. मी जन्मलो तेव्हा आबानं बारशाला पणज्याचं नाव ठेवलं. चारच महिन्यांनी खालच्या आळीत पाळणा हलला. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी धोंडिबाला समजावलं, की नाव दिलं गेलंय, दुसरं बघ. धोंडिबा म्हणाला, "पणजा काय त्यांच्या एकट्याचा व्हता?" त्यानं तेच नाव ठेवलं. शाळेत मास्तर हजेरी घेताना एकदा हैबती म्हणायचे आणि दोघं उठायचो. मग बाहेर मारामारी ठरलेली. पुढं मी भरतीला निघालो, तर धोंडिबानं त्याच ट्रकमध्ये आपलंही पोरगं चढवलं. वरल्या आळीत फौजी आणि खालच्या आळीत नाही, म्हणजे नाक कापल्यासारखं. देवाचीही कमाल, दोघं एकाच कंपनीत पडलो.

आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य पलटणीला करमणूक होती. घरून आलेल्या पार्सलवर नाव एकच, त्यामुळं ज्याच्या हाती आधी पडेल त्यानं फोडायचं. माझ्या आईनं धाडलेली शेंगदाण्याची चटणी त्यानं दोन दिवसांत फस्त केली आणि वर मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मीठ जरा जास्तच हाय." त्याच्या बहिणीनं विणलेला स्वेटर मग मी ड्रायव्हरला देऊन टाकला. पाण्यासाठी बर्फ वितळवायची पाळी दोघांना एकत्र आली, की एकजण भांडं भरायचा आणि दुसरा ते "चुकून" लवंडायचा.

गेल्या जत्रेत तर प्रकरण हातघाईवर आलं होतं. काठी मध्येच आडवी पडली, माझ्या चुलत्याचा हात मोडला. त्या रात्री आबानं भर चावडीत जाहीर केलं, "आजपास्नं त्यांचं सुतक आमाला न्हाय." सुतक तोडणं म्हणजे भावकीतला शेवटचा धागा तोडणं. कितीही वैर असलं, तरी मेलेल्याचं सुतक माणूस पाळतो. आबानं तेही तोडलं. धोंडिबा म्हणाला, "आमीबी तोडलं." झालं.

आणि आता कुणाचा तरी आबा गेला होता.

"रस्ता आज दुपारनंतर बंद होतोय," सुभेदार म्हणाले. "वादळ परत येतंय. खाली जाणारी एकच गाडी आहे, दुपारी निघेल. साहेबांनी एकाच जणाला सुटी दिलीये, दोघं गेलात तर पोस्टवर चढायला माणूस नाही. आता तुम्ही ठरवा कोण जाणार."

"बावीस जाईल," मी म्हणालो.

"सत्तर जाईल," तो म्हणाला.

सुभेदार गोंधळले. त्यांना वाटलं होतं, सीटवरून आम्ही एकमेकांचा गळा धरू. सुटीसाठी माणूस काय काय करतो ते त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. आम्ही मात्र सीट एकमेकांच्या अंगावर ढकलत होतो. गाडीत बसणं म्हणजे आपला बाप मेला हे कबूल करणं, एवढं त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"नाणं उडवू का?" ते म्हणाले.

"बाप कुणाचा मेला ते नाणं ठरवणार व्हय साहेब?" बावीस म्हणाला.

"मग दोघंही बसा इथं बोंबलत!" ते ओरडले आणि चहाचा रिकामा मग बाहेर भिरकावून निघून गेले.

दुपारी गाडी लंगरासमोर, म्हणजे आमच्या भटारखान्यासमोर, उभी राहिली. साखळ्या बांधलेली चाकं, वर ताडपत्री, ड्रायव्हर मिनिटामिनिटाला भोंगा वाजवतोय. आम्ही दोघं पाठीवर पिशव्या घेऊन उभे. पिशव्या भरल्या होत्या दोघांनीही, चढत मात्र कुणीच नव्हतं.

"चढ की," मी म्हणालो.

"तू चढ."

"आजारी तुझा बाप हाय. दिवाळीत दवाखान्यात पडला व्हता, साऱ्या गावाला ठावं हाय."

"बरा हून घरी आला. आता दोन भाकरी खातोय. तुझाच थकलाय. माझ्या आबापरास धा वर्सांनी म्हातारा."

"माझा आबा परवाच्या रविवारी फोनवर आला व्हता. खणखणीत बोलला."

"काय बोलला?"

आबा फोनवर बोलला होता ते बावीसबद्दलच. म्हणाला होता, "त्या खालच्या आळीच्या पोरापुढं मान खाली घालू नगस." एवढंच बोलून त्यानं फोन आईकडं दिला होता. फोनवर काय बोलावं ते त्याला कधी सुचायचं नाही.

"म्हंजी खोकत व्हता," बावीस म्हणाला. "बोलाय येत नसंल."

मी त्याची कॉलर धरली. त्यानं माझी धरली. लंगरातनं जवान बाहेर आले, पण कुणी सोडवायला पुढं झालं नाही. सवय झाली होती सगळ्यांना. ड्रायव्हर तेवढा ओरडला, "बाप मेलाय रे कुणाचा तरी! लाज धरा!"

बावीसनं माझी कॉलर सोडली. तोंड फिरवून थोडा वेळ तो वरच्या डोंगराकडं बघत राहिला. मग त्यानं पिशवी गाडीत भिरकावली.

"मी बसतो," तो म्हणाला. "पर कान उघडून ऐक, सत्तर. माझा मेला असं धरून चाललोय. तिथं गेल्यावर तुझा निघाला, तर तुझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय मी. सरळ घरी जाईन, माझ्या आबाचं पाय धरीन आन दारात कोंबडं कापीन."

"काप," मी म्हणालो. "आन तुझाच असला, तर मी हितं लंगरात जिलेबी वाटतो."

तो थुंकला आणि चढला. गाडी गेली. वळणाआड जाईपर्यंत मी बघत होतो, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं होतं. तो बसला म्हणजे त्याचाच गेला, असं मी मनाशी धरून टाकलं. ज्याची आधी पापणी लवेल तो हरला, असा पोरांचा खेळ असतो तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तो हरला होता.

संध्याकाळी वादळ आलं आणि रस्ता बुजला.

पुढचे दिवस कसे काढले ते सांगण्यासारखे नाहीत. सकाळी उठून बंकरच्या तोंडावरचा बर्फ फावड्यानं ओढायचा, दुपारी परत तेच. फोन मुका. वायरलेसवर फक्त कामाचं बोलणं. खालच्या ऑफिसला सुभेदारांनी दोनदा विचारून पाहिलं, तात्याचा फोन लागतच नव्हता. पलटणीचे दोन तट पडले. अर्धे माझाच बाप गेला असं समजून खांद्यावर हात ठेवायचे. मी तो हात झटकायचो. उरलेले टवाळी करायचे, तीही मला सोसायची नाही.

रविवारी लंगरात शिरा होता. वाढणारा मोरे माझ्यासमोर डाव घेऊन थांबला.

"शेलार, तुला गोड वाढू का नको?"

"का नको?"

"न्हाय, सुतक असलं तर..."

"बाप मेलाय तो बावीसचा. वाढ!"

मी शिरा दोनदा मागून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा चाटून खाल्ला.

कंपनीचा न्हावी पंढरी मला दाढीच्या वेळी हळूच म्हणाला, "भाऊ, मिशीचं काय करायचं? माझ्याकडनं उतरवायची असली तर पैसे घेणार नाही." आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरते. बाप जिता असताना पोरानं मिशी काढणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचं मरण मागणं. मी पंढरीचा हात धरून पिळला. "मिशीला हात लावशील तर बोटं तोडीन," म्हणालो. त्या दिवसापासून मी मिशीला तेल लावून पीळ द्यायला लागलो. आबा जिवंत आहे हे त्या डोंगरावर फक्त माझी मिशी सांगत होती.

कधीतरी रस्ता उघडला. पहिली गाडी वर आली, रॉकेलचे पिंप आणि भाजीची पोती घेऊन. आम्ही माल उतरवायला गेलो. ड्रायव्हरच्या शेजारून बावीस उतरला. डोक्यावर कानटोपी, गळ्याला मफलर. त्यानं मफलर खाली ओढला आणि मला त्याचा ओठ दिसला.

ओठावर मिशी नव्हती. नुकतेच फुटू लागलेले खुंट होते.

माझ्या छातीवरची धोंड अशी काही खाली आली, की मला पोत्याला टेकावं लागलं. आबा जिता होता. माझा आबा जिता होता! जिलेबीची मला आठवणसुद्धा झाली नाही. उलट त्याच्याविषयी वाईट वाटलं, आणि ते वाटतंय याचं मलाच नवल वाटलं. मी पोतं सोडून त्याच्याजवळ गेलो.

"वाईट झालं," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याशी धड बोललो.

"कुणाचं?"

"तुझ्या आबाचं."

त्यानं कानटोपी काढली. डोकंही भादरलेलं होतं. "माझा आबा धडधाकट हाय," तो म्हणाला. "तुझा गेला."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मग त्याच्या ओठाकडं. काहीच जुळेना.

"मग मिशी?"

"ती वाटंतच काढली. खाली स्टेशनात उतरलो, म्हणलं, बाप मेलाय, गावात असं मिशीनिशी कसं शिरायचं? न्हाव्यापुढं बसलो. फाट्यावर एस्टीतनं उतरलो, तर माझा आबा हॉटेलात बसून च्या पितोय." तो हसल्यासारखं करून थांबला. "त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. कपबशी फेकून मारली. म्हणाला, जित्या बापाची मिशी उतरवलीस व्हय रं, रांडंच्या?"

"आन माझा?"

"छातीत कळ आली, अंगणातच. फोन करून तात्यानं निरोप दिला आन लगोलग तारंवर झाड पडलं. तुझ्या चुलत्यानं अग्नी दिला. मी नवव्या दिशी पोचलो."

"मग निरोप का न्हाय धाडलास?"

"काय धाडू? हैबती शेलारचा बाप मेला, हाच ना? तो तर आधीच आला व्हता."

पोती उतरवणारे थांबले होते. सुभेदार लांबून बघत होते, पण जवळ आले नाहीत.

"माझ्या आबानं मला शिव्या घालत वरल्या आळीत न्हेलं," बावीस सांगू लागला. "तुमच्या दारात हुबा करून तुझ्या आईला म्हणाला, वैनी, ह्या गाढवानं मिशी उतरवलीया. मी तर जिता हाय. मंग ही मिशी गणपतदादाची धरा. सुतक तुटलंय ते मी परत जोडतो. तुझ्या आयनं मला पाणी दिलं."

मला आईचं तोंड दिसत होतं. तिच्याशेजारी मी असायला हवा होतो. त्या दिवशी गाडी इथंच उभी होती, चार पावलांवर, आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

"दहाव्याला कोण बसलं?"

"तुझा चुलता. पिंड ठेवला, पर कावळा शिवंना. झाडावर बसलं व्हतं चार-पाच, खाली येईनात. चुलता म्हणाला, दादा, वैनीला सांभाळतो. न्हाय. काठीचा मान सोडणार न्हाय म्हणाला. तरीबी न्हाय. तुझी आय म्हणाली, लेकाला कळवलंय, तो येतोय. कावळं हललं न्हाईत. ऊन चढलं. माणसं कंटाळली. दर्भाचा कावळा करायचा म्हणत व्हती."

"मंग?"

"मंग मी म्होरं झालो."

"तुला कुणी बोलावलं व्हतं?"

"कुणी न्हाय." त्यानं कानटोपी हातात चुरगाळली. "हात जोडलं आन म्हणलं, आबा, हैबती आलाय."

मी त्याच्या आणखी जवळ सरकलो.

"म्हणायची खोटी, की शिवला," तो म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. हातमोजा होता तरी आवाज डोंगरात घुमला असावा, कारण लंगरातला मोरेही बाहेर आला. बावीस एक पाऊल मागं गेला. त्याची मूठ वर आली, तशीच थांबली, आणि खाली गेली.

"सुतकात हायस म्हून सोडतो," तो म्हणाला. "न्हायतर दात पाडलं असतं."

"माझ्या बापाला फसवलंस तू!" मी ओरडलो. "मेलेल्या माणसाला! तो माझी वाट बघत व्हता आन तू..."

"फसवलं?" त्यानं माझं मनगट धरलं. गालावर माझी बोटं उमटली होती. "काय खोटं बोललो मी? आँ? माझं नाव काय हाय ते सांग."

मी मनगट सोडवायला ओढलं. त्यानं सोडलं नाही.

"सांग की. बावीस न्हवं. घरातलं. काय नाव हाय माझं?"

सगळे बघत होते. मी त्याच्या भादरलेल्या डोक्याकडं पाहिलं, ओठावरच्या खुंटांकडं पाहिलं. माझ्या आबासाठी जे काही करायचं ते ह्या माणसानं करून ठेवलं होतं आणि मला करायला काही उरलं नव्हतं.

"हैबती," मी म्हणालो, आणि मग मला रडू फुटलं.